मकबऱ्याची बाग आणि आपले आठ गुंठे

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘इतिहासावर काहीतरी लिहा’ अशी गळ समितीने घातली. मी काही इतिहासकार नव्हे. चौतीस वर्षं बँकेत ताळमेळ घालण्यात गेली. तरी लिहितो, कारण एक हिशेब दुरुस्त करायचा आहे.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही उभयता छत्रपती संभाजीनगरला जाऊन बीबी का मकबरा पुन्हा पाहिला. नोकरीच्या काळात ते औरंगाबाद होतं. तेव्हा पाहुण्यांबरोबर धावतपळत पाहिलं आणि सगळं लक्ष घुमटाकडे. या वेळी गुडघ्यांमुळे सावकाश चालावं लागलं, म्हणून बाग दिसली.

औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर. बेगम 1657 साली वारली. मुलगा आझमशहा याने मकबरा बांधला असं सगळीकडे सांगतात. मी तारखा जुळवून पाहिल्या. आझमशहाचा जन्म 1653 चा आणि काम पुरं झालं 1660-61 च्या सुमारास. म्हणजे चिरंजीव तेव्हा सात-आठ वर्षांचे! खर्चाची मंजुरी बापाचीच असणार हे उघड आहे. वास्तुकार अताउल्ला आणि त्यांच्या जोडीला हंसपतराय.

भोवतीची बाग ‘चारबाग’ पद्धतीची. पाण्याच्या पाटांनी आणि सरळ वाटांनी बागेचे चौकोनी भाग पाडायचे, ही मूळची इराणी रीत बाबराने हिंदुस्थानात रुजवली. ताजमहाल त्याच्या बागेच्या टोकाला, यमुनेकाठी आहे. मकबरा मात्र बागेच्या मधोमध उभा आहे. समोर लांबच लांब हौद, कारंजी आणि दोन्ही बाजूंना झाडी.

खर्चाचा आकडा वाचून माझ्यातला बँकवाला जागा झाला. 6,68,203 रुपये 7 आणे! ताजचा खर्च तीन कोटी वीस लाख सांगतात. म्हणजे हा जेमतेम अठ्ठेचाळिसावा हिस्सा. म्हणून संगमरवर मुख्यतः घुमटाला आणि भिंतीच्या खालच्या भागाला, बाकी ठिकाणी काळ्या दगडावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा. पण आवार? 458 मीटर लांब, 275 मीटर रुंद, म्हणजे सुमारे एकतीस एकर. काटकसर दगडात केली, बागेत नाही.

पाणी तरी कुठे मुबलक होतं? त्याच गावात सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने जमिनीखालून नहर खोदून, खापरी नळांनी पाणी खेळवलं होतं.

सौ. एका झाडाखाली बसली ती उठेचना. म्हटलं, “घुमट बघायचा नाही का?” म्हणाली, “घुमट बघितलाय. इथं बरं वाटतंय. आपल्याकडे आता असं बसायला राहणार नाही ना!”

टोमणा मलाच होता. गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्या मोकळ्या आठ गुंठ्यांतली बाग काढून, ब्लॉक बसवून पार्किंग करावं, हा ठराव मीच मांडला होता. माळ्याचा पगार, एप्रिलमध्ये आटणारं बोअर, टँकरचं बिल, सगळे आकडे बरोबर होते. ठराव मंजूर झाला. मात्र त्या बाकांवर रोज संध्याकाळी कोण बसतं, हा रकाना माझ्या तक्त्यात नव्हताच.

काम अजून सुरू झालेलं नाही. पुढच्या सभेत ठराव मागे घ्यावा अशी विनंती मी लेखी देणार आहे. सोबत गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरच्या भोवती मुरवण्याचं अंदाजपत्रकही जोडतो. पार्किंगसाठी मागच्या कंपाउंडलगतची पट्टी पाहता येईल. जे सभासद तेव्हा विरोधात बोलले आणि ज्यांना मी आकड्यांनी गप्प केलं, त्यांची इथेच माफी मागतो.