ग्रंथकाराचे यश : सुरतेतील दोन उदाहरणे

ग्रंथकाराचे यश कशात मानावे, हा प्रश्न वाङ्मयचर्चेत वारंवार निघतो आणि बहुधा अर्धवट उत्तरावर सोडून दिला जातो. कोणी आवृत्त्यांकडे बोट दाखवितो, कोणी पारितोषिकांकडे, तर कोणी आपला धडा क्रमिक पुस्तकात लागला एवढ्यावरच समाधान मानतो. प्रस्तुत लेखकापुढे हा प्रश्न अलीकडे निराळ्या रूपाने उभा राहिला. सुरतेतील आमच्या मराठी शाळेत येणारी बरीच मुले खानदेशातून आलेल्या कुटुंबांतील असतात. घरी अहिराणी, रस्त्यावर गुजराती आणि वर्गात ग्रांथिक मराठी, अशी त्यांची त्रिस्थळी यात्रा चालू असते. आमच्या एका सहकाऱ्याने या मुलांसाठी तिन्ही बोलींतील शब्दांची वही अनेक वर्षे खपून तयार केली. ती छापण्यास प्रकाशक मिळाला नाही. सेवानिवृत्तीच्या दिवशी ती वही माझ्या मेजावर ठेवून त्यांनी विचारले, "हे सारे व्यर्थच गेले, नाही का?" त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. ते शोधताना मला याच शहराशी निगडित असलेल्या दोन पुरुषांचे स्मरण झाले.

पहिले दादोबा पांडुरंग तर्खडकर. त्यांचा जन्म १८१४ मध्ये मुंबईस झाला आणि वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, १८३६ मध्ये, त्यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. पुढे शिक्षकाच्या नोकरीनिमित्त ते सुरतेस आले आणि १८४६ पर्यंत येथे राहिले. ज्या गावची भाषा आपली नव्हे तेथे हा मराठी व्याकरणकार केवळ पोटापुरता राहिला नाही. दुर्गाराम मेहताजी, दिनमणिशंकर, दलपतराम, दामोदरदास या येथील मंडळींसह त्यांनी २२ जून १८४४ रोजी मानवधर्मसभा स्थापन केली. जातिभेद, मंत्रतंत्र आणि अंधश्रद्धा यांवर तीत उघड चर्चा होई. दादोबा मुंबईस परतले, १८५२ मध्ये दुर्गारामांची बदली राजकोटास झाली आणि सभा मावळली. स्थूल दृष्टीने पाहिले तर हे अपयशच होय.

दुसरे नर्मदाशंकर लालशंकर दवे, म्हणजेच कवी नर्मद. हे तर सुरतेचेच सुपुत्र. जन्म २४ ऑगस्ट १८३३ चा. बालपणी ते काही काळ दुर्गारामांच्याच शाळेत शिकले. म्हणजे दादोबांच्या मित्राच्या हाताखालून गेलेला हा विद्यार्थी. १८५८ च्या नोव्हेंबरात त्यांनी मुंबईतील शिक्षकाची नोकरी सोडली आणि यापुढे लेखणीच्याच आधारे जगण्याचा निश्चय केला. विकत घेऊन वाचणारा वर्ग अजून घडायचा होता अशा काळी हा निश्चय करणे म्हणजे अथांग पाण्यात उडी घेणेच होते.

या दोघांची तुलना करण्याजोगी आहे ती त्यांच्या सर्वांत कष्टाच्या कामाबाबत. एकाने व्याकरण रचले, दुसऱ्याने कोश. दोन्ही प्रकार असे की त्यांत कीर्ती थोडी आणि झीज फार. मोल्सवर्थच्या मराठी कोशामागे सरकारचा आश्रय आणि शास्त्रीमंडळींचे साहाय्य होते. नर्मदांनी 'नर्मकोश' हाती घेतला तो प्रायः एकट्याने. १८७३ मध्ये तो पूर्णत्वाने प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात सुमारे २५ हजार शब्द होते. कर्त्याच्या पदरी मात्र कर्ज होते. अखेर १८८२ मध्ये, चोवीस वर्षांनंतर, त्यांना प्रतिज्ञा मोडून मुंबईतील एका धर्मादाय संस्थेत नोकरी पत्करावी लागली. त्यानंतर चार वर्षांनी, १८८६ मध्ये, ते निवर्तले.

दादोबांना असे दैन्य भोगावे लागले नाही. सरकारी नोकरीत ते उपजिल्हाधिकाऱ्याच्या पदापर्यंत चढले, रावबहादूर झाले. तथापि त्यांच्याही ग्रंथांना प्रतीक्षा चुकली नाही. सुरतेत १८४३ मध्ये लिहिलेले 'धर्मविवेचन' छापले गेले ते १८६८ मध्ये, पंचवीस वर्षांनी. त्यांच्या आत्मचरित्राला अ. का. प्रियोळकरांच्या संपादनाने १८४७ नव्हे, १९४७ मध्ये प्रकाश दिसला, म्हणजे कर्त्याच्या निधनानंतर पासष्ट वर्षांनी. नर्मदांनी १८६६ मध्ये लिहिलेली 'मारी हकीकत'ही सर्वसामान्य वाचकांच्या हाती पडली ती त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९३३ मध्ये. दोघांनीही स्वतःविषयी लिहिले आणि दोघांचाही वाचक त्यांच्या मृत्यूनंतर जन्मास आला.

मग या दोघांना यशस्वी म्हणावे काय? मला वाटते, येथे यशाच्या तीन कसोट्या लागू पडतात.

पहिली कसोटी आपल्या कार्याशी असलेल्या निष्ठेची. दादोबांनी बाविसाव्या वर्षी छापलेले व्याकरण पूर्ण झाले असे कधीच मानले नाही. ते सुधारीत राहिले, आणि १८८१ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्याची 'पूरणिका' प्रसिद्ध केली. पंचेचाळीस वर्षे एका ग्रंथाची सेवा करणाऱ्याला बाहेरचा मानसन्मान हे दुय्यम फळ होय.

दुसरी कसोटी अशी की, पुढच्या पिढीला त्या ग्रंथाशी भांडावे लागले पाहिजे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'शालापत्रका'त मराठी व्याकरणावर जे निबंध लिहिले, त्यांत दादोबांच्या मतांचे कठोर परीक्षण केले. १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आले. ज्या पायरीवर उभे राहून तिचे दोष दाखविले जातात, ती पायरी निष्फळ कशी म्हणावी?

तिसरी कसोटी अधिक कठीण आहे. ग्रंथ लोकांत इतका मुरला पाहिजे की कर्त्याचे नावही विसरले जावे. आज वर्गात विभक्ती शिकविणाऱ्या किती शिक्षकांना दादोबांची आठवण होते? परंतु फळ्यावरील त्या कोष्टकामागे त्यांचे श्रम आहेतच. 'नर्मकोशा'च्या आरंभी आलेले गुजरातचे गौरवगीत आज त्या राज्याचे राज्यगीत आहे. सुरतेच्या विद्यापीठालाही नर्मदांचे नाव आहे. कोशासाठी कर्ज काढणारा मात्र बहुतेकांच्या स्मरणात नाही.

तथापि या तिसऱ्या कसोटीचा आधार घेऊन समाजाने हात झटकू नयेत. काळ न्याय करतो हे खरे. पण सावकाराचे देणे काळ फेडीत नाही. नर्मदांची प्रतिज्ञा मोडली ती त्यांच्या दुर्बलतेमुळे नव्हे, तर ग्रंथ हवा पण ग्रंथकाराचा भार नको या आपल्या जुन्या वृत्तीमुळे. ग्रंथकाराने यशाची अपेक्षा न धरता लिहावे हा उपदेश त्याने स्वतःला करावा. इतरांनी त्याला करणे शोभत नाही. साहित्यसंस्था आणि शाळा यांचे कर्तव्य येथूनच सुरू होते.

सहकाऱ्यांना द्यावयाचे उत्तर मला या विचारातून सापडले. त्यांच्या वहीच्या काही प्रती आम्ही शाळेच्याच खर्चाने काढविल्या आणि खालच्या प्रत्येक वर्गात एकेक ठेविली. गेल्या महिन्यात एका मुलीने आपल्या प्रतीच्या समासात पेन्सिलीने एक अहिराणी शब्द दुरुस्त केला. तिच्या आजीच्या तोंडी तो वेगळा होता. ते पान मी त्या गृहस्थांच्या घरी नेऊन दाखविले. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि म्हणाले, "मुलीचे बरोबर आहे. पुढच्या प्रतीत सुधारून घेऊ."