सहा ते सात पडदा बंद!

ब्रिटनमध्ये बीबीसीने २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित दूरचित्रवाणी सेवा सुरू केली. दुसऱ्या महायुद्धामुळे खंडित झालेले प्रक्षेपण ७ जून १९४६ रोजी पूर्ववत झाले. जून १९५३ मधील राणी एलिझाबेथ यांचा राज्याभिषेक सोहळा सुमारे दोन कोटी लोकांनी पाहिला. त्यांपैकी अनेकांनी तो शेजाऱ्यांच्या घरी जाऊन पाहिला.

त्या काळी सायंकाळचे वेळापत्रक कुटुंबाच्या दिनक्रमाला धरून आखले जाई. मुलांचे कार्यक्रम संपले की सहा ते सात या वेळेत प्रक्षेपण बंद राही. लहानग्यांना झोपवता यावे आणि मोठ्या मुलांना गृहपाठास बसवता यावे, हा त्यामागील हेतू. ही प्रथा ‘टॉडलर्स ट्रूस’ म्हणजे ‘बालकांसाठीचा युद्धविराम’ या नावाने ओळखली जाते.

परवाना शुल्कावर चालणाऱ्या बीबीसीला या खंडाची झळ नव्हती. मात्र सप्टेंबर १९५५ मध्ये सुरू झालेल्या आयटीव्हीचे जाहिरातींचे उत्पन्न त्यामुळे बुडत होते. मुलांना केव्हा झोपवायचे हे पालकांनीच ठरवावे, अशी भूमिका पोस्टमास्टर जनरल चार्ल्स हिल यांनी घेतली आणि १६ फेब्रुवारी १९५७ पासून हे बंधन उठले. त्याच सायंकाळी बीबीसीने तरुणांसाठी ‘सिक्स-फाइव्ह स्पेशल’ हा संगीताचा कार्यक्रम सुरू केला. रविवारी सायंकाळची प्रार्थनेची वेळ मात्र पुढेही काही काळ मोकळी ठेवण्यात आली.