आंब्याच्या मोहोरावरील संप्रेरकांचा प्रभाव

आंब्याच्या झाडाला मोहोर केव्हा आणि किती येईल हे हवामान, काडीची पक्वता, झाडातील अन्नसाठा आणि वनस्पती संप्रेरके यांवर अवलंबून असते. संप्रेरकांपैकी जिबरेलिन गटाचा यातील वाटा सर्वांत महत्त्वाचा मानला जातो. काडीतील जिबरेलिनचे प्रमाण अधिक असल्यास पालवी फुटते, तर ते घटल्यास मोहोर येण्यास अनुकूल स्थिती निर्माण होते. कोकणातील हापूस आंब्याच्या बागांत पॅक्लोब्युट्राझॉल या जिबरेलिनरोधक रसायनाचा वापर याच तत्त्वावर आधारलेला आहे.

पार्श्वभूमी

जिबरेलिनचा शोध भाताच्या एका रोगाच्या अभ्यासातून लागला. रोगट रोपे अवाजवी उंच वाढून कोलमडत. जपानी शास्त्रज्ञ एइची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये असे दाखवून दिले, की ही वाढ रोगकारक बुरशीने स्रवलेल्या द्रव्यामुळे होते. पुढे हाच पदार्थ निरोगी वनस्पतीही स्वतः तयार करतात असे आढळले. पाने फुलोऱ्याचा संदेश तयार करून शेंड्याकडे पाठवतात, ही कल्पना रशियन शास्त्रज्ञ मिखाईल चैलाख्यान यांनी १९३०च्या दशकात मांडली व या संदेशवाहकाला ‘फ्लोरिजेन’ असे नाव दिले. एफटी नावाचे प्रथिन हे कार्य करते, असे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील संशोधनातून स्पष्ट झाले.

मोहोर येण्याची प्रक्रिया

आंब्याचा मोहोर मुख्यतः काडीच्या शेंड्यावरील डोळ्यातून येतो. हाच डोळा पालवीही देऊ शकतो. थंडी पडल्यावर पक्व पानांत मोहोरास प्रेरक असा संदेश तयार होतो. काडी कोवळी असेल, तर जिबरेलिनचा प्रभाव वरचढ ठरून डोळ्यातून पुन्हा पालवीच फुटते. म्हणूनच पावसाळा संपताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, झाडाने जोरदार पालवी घेतल्यास ती पक्व होईपर्यंत मोहोर लांबतो.

वर्षाआड फळधारणा

हापूसच्या झाडाला एका वर्षी भरघोस, तर पुढच्या वर्षी अत्यल्प फळे येण्याची प्रवृत्ती असते. भरघोस पिकाच्या वर्षी अन्नसाठा फळांत खर्च होतो आणि काढणीनंतर नवी पालवी कमी किंवा उशिरा येते. त्यामुळे पुढील हंगामात मोहोरक्षम काड्या कमी उरतात. वाढत्या फळांतील बिया जिबरेलिनचा स्रोत असल्याने पुढील मोहोर दडपला जातो, असेही एक स्पष्टीकरण दिले जाते.

पॅक्लोब्युट्राझॉलचा वापर

पॅक्लोब्युट्राझॉल हे ट्रायझोल गटातील वाढरोधक असून बागायतदारांत ते ‘कल्टार’ या व्यापारी नावाने परिचित आहे. जिबरेलिनच्या निर्मितीतील एंट-कौरीन या घटकाचे ऑक्सिडीकरण करणाऱ्या विकराला ते अडवते. परिणामी शाकीय वाढ मंदावते, पावसाळ्यानंतरची पालवी कमी येते व मोहोर लवकर आणि अधिक प्रमाणात येतो.

दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने हापूससाठी या रसायनाची शिफारस केली आहे. झाडाच्या विस्ताराच्या व्यासाच्या प्रत्येक मीटरमागे ०.७५ ग्रॅम क्रियाशील घटक, म्हणजे २५ टक्के तीव्रतेचे ३ मिलिलिटर द्रावण, असे हे प्रमाण आहे. उदाहरणार्थ, ८ मीटर व्यासाच्या झाडास २४ मिलिलिटर द्रावण लागते. ते पाण्यात मिसळून जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, बुंध्याभोवती वर्तुळाकार घेतलेल्या लहान खड्ड्यांत समप्रमाणात ओततात. मुळांनी शोषलेले द्रव्य पाण्याबरोबर शेंड्यापर्यंत पोहोचते.

लवकर येणाऱ्या पिकाचे आर्थिक महत्त्व मोठे आहे. हंगामाच्या आरंभी नवी मुंबईतील वाशीच्या घाऊक बाजारात येणाऱ्या पेट्यांना सर्वाधिक दर मिळतो. आवक वाढली की दर उतरतात.

पुनर्मोहोर आणि जिबरेलिक आम्ल

फळधारणा झाल्यानंतर थंडी लांबल्यास त्याच काडीवर पुन्हा मोहोर येतो. यास पुनर्मोहोर म्हणतात. अन्नरस नव्या मोहोराकडे वळल्याने वाटाणा ते सुपारीएवढी झालेली आधीची फळे गळतात. हे टाळण्यासाठी जिबरेलिक आम्लाची ५० पीपीएम तीव्रतेची, म्हणजे २० लिटर पाण्यात १ ग्रॅम या प्रमाणात, फवारणी करण्याची शिफारस आहे. पावसाळ्यात ज्या संप्रेरकाची निर्मिती रोखली जाते, तेच हिवाळ्यात बाहेरून पुरवले जाते. दोन्ही उपायांमागील तत्त्व एकच आहे: जिबरेलिन मोहोरास विरोध करते.

सूचिपर्णी वृक्षांशी तुलना

जिबरेलिनचा हा परिणाम सर्व वृक्षांत सारखा नसतो. पाइन, देवदार, सुरू यांसारख्या वृक्षांचे प्रजनन फुलांऐवजी शंकूंद्वारे होते. यांपैकी अनेक वृक्षांत जिबरेलिन शंकूनिर्मितीस चालना देते. सायप्रस कुलातील वृक्षांत जीए-३ हा प्रकार, तर पाइन कुलातील वृक्षांत जीए-४ व जीए-७ यांचे मिश्रण परिणामकारक ठरते. हे वृक्ष निसर्गतः शंकू धरण्यास अनेक वर्षे घेत असल्याने वनसंवर्धनाच्या बीजोद्यानांत ही पद्धत उपयोगी पडते. आंब्यात मात्र हेच जिबरेलिन मोहोर लांबवते.

मर्यादा व दुष्परिणाम

पॅक्लोब्युट्राझॉल झाडाचे पोषण करीत नाही. ते केवळ वाढीसाठी खर्च होणारी शक्ती मोहोराकडे वळवते. त्यामुळे वापरानंतर खतांची मात्रा वाढवावी लागते. मात्रा अधिक झाल्यास काड्यांची पेरे आखूड होतात, मोहोर दाट व गुच्छासारखा होतो आणि झाड कालांतराने अशक्त बनते. हे रसायन मातीत दीर्घकाळ टिकत असल्याने दरवर्षी वापरताना अवशेषांचा विचार करावा लागतो. थोड्या मुदतीच्या कराराने दिलेल्या बागांत हा प्रश्न अधिक गंभीर ठरतो, कारण वाढीव मोहोराचा लाभ करार घेणाऱ्यास मिळतो, तर झाडाच्या ऱ्हासाची झळ पुढे मूळ मालकास बसते.

पर्याय

नियमित फळणाऱ्या जातींची लागवड हा रसायनविरहित पर्याय आहे. वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्राने नीलम व हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात १९८१ मध्ये प्रसारित केली. रत्ना व हापूस यांच्या संकरातून पुढे ‘सिंधू’ ही जात विकसित झाली. जुन्या झाडांची छाटणी करून फांद्यांत सूर्यप्रकाश खेळता ठेवल्यासही मोहोरक्षम काड्या वाढण्यास मदत होते.