प्रहेलिका आणि तिची उकल

संस्कृत काव्यशास्त्रात प्रहेलिकेला मानाचे स्थान क्वचितच लाभले. कामसूत्राने तिला 64 कलांत गणले खरे. परंतु टीकेवाचून न कळणारे काव्य म्हणजे सुज्ञांचा उत्सव व मंदमतींचा घात, असा उपरोध भामहाने तिच्याच प्रसंगाने केला. पुढे चौदाव्या शतकात विश्वनाथाने रसाला बाधक म्हणून तिचे अलंकारत्वच नाकारले.

दंडीची दृष्टी अधिक उदार होती. क्रीडागोष्ठीतील विनोद, गर्दीतील गुप्त भाषण आणि दुसऱ्यास चकविणे, एवढेच प्रहेलिकेचे प्रयोजन त्याने मानले. मात्र काव्यादर्शाच्या तिसऱ्या परिच्छेदात तिचे 16 प्रकार त्याने साक्षेपाने सांगितले. ‘समागते’त अर्थ संधीत दडतो; तेथे पदच्छेद करावा लागतो. ‘वंचिते’त रूढ अर्थ फसवितो, तो सोडून शब्दाचा दुसरा अर्थ घ्यावा लागतो. ‘संख्याते’त गणनेने बुद्धी भ्रमते, तेथे मोजणी हीच किल्ली होय. सारांश, लपविण्याची रीत ओळखणे हेच उकलीचे पहिले पाऊल. पूर्वाचार्यांनी सांगितलेल्या 14 दुष्ट प्रहेलिका दंडीने वगळल्या. ज्या लक्षणात बसत नाहीत त्या दुष्ट, असा त्याचा निर्णय आहे.

अमीर खुसरोच्या नावावर चालत आलेल्या पहेल्यांतही हीच शिस्त दिसते. ‘बूझ’ पहेलीचे उत्तर तिच्याच शब्दांत असते, ‘बिनबूझ’ पहेलीचे बाहेर. संस्कृतातील अंतर्लापिका व बहिर्लापिका यांतील भेदही असाच आहे.

विश्वनाथाचा आक्षेप रसापुरता ग्राह्य आहे. तथापि पदच्छेद आणि अर्थनिवड यांवाचून कोणताही श्लोक लागत नाही. रसिक जे नकळत करतो, तेच प्रहेलिका त्याच्याकडून जाणीवपूर्वक करवून घेते.