दुचाकीवरील रिकाम्या कपलरची पावसाळी काळजी

दुचाकीच्या हेडलाइटमागे किंवा सीटखाली डोकावल्यास वायरिंगच्या जुडग्यातून बाहेर आलेली, परंतु कशालाही न जोडलेली एक-दोन टोके हमखास आढळतात. मेकॅनिकांच्या भाषेत हे कपलर. त्यांपैकी काही कंपनीनेच दिलेले असतात. जादा दिवे, मोबाइल चार्जिंगचा सॉकेट किंवा चोरीविरोधी अलार्म पुढे कधी बसवायचा झाल्यास मूळ तार कापावी लागू नये, ही त्यामागील सोय. काही मात्र मागे उरलेले असतात. हौसेने लावलेले दिवे निघाले, तारा तशाच लोंबत राहिल्या. वापरात नाही म्हणजे त्रासही नाही, असा वाहनधारकांचा सर्वसाधारण समज असतो आणि तोच महागात पडतो.

अशा टोकांचे दोन प्रकार संभवतात. किल्ली फिरविल्यानंतरच ज्यांत वीज येते, ते पहिले. दुसरे थेट बॅटरीला जोडलेले, गाडी बंद असतानाही चोवीस तास जिवंत. चार्जर लावण्यासाठी सीटखालून काढलेली दोन तारांची जोडणी या दुसऱ्या प्रकारात मोडते. मल्टिमीटरने हा फरक मिनिटभरात कळतो आणि पुढील सारी काळजी त्यावरच अवलंबून असते.

तांब्या-पितळेच्या भांड्यावर ओलाव्याने हिरवा कळंक चढतो, तसाच तो कपलरमधील पत्तीवरही चढतो. परंतु येथे भर पडते ती विजेची. कपलरमध्ये शिरलेल्या पाण्यात रस्त्यावरचा चिखल आणि क्षार मिसळलेले असल्याने त्यातून थोडा प्रवाह वाहू लागतो आणि धन बाजूच्या पत्तीचा धातू हळूहळू विरघळून जातो. म्हणूनच जिवंत असलेले रिकामे टोक हे वीज नसलेल्या टोकापेक्षा फार लवकर खराब होते. मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीवर खाऱ्या हवेमुळे हा वेग आणखी वाढतो. नुकसान तेथेच थांबत नाही. पाणी तारेच्या बारीक धाग्यांमधून आवरणाच्या आत चढत जाते, आतील तांबे काळे पडते आणि पुढे त्यावर सोल्डरिंगही धरत नाही. तोवर बाहेरून तार नव्यासारखीच दिसते.

समजा, अशा ओल्या कपलरमधून २० मिलिअँपिअर प्रवाह झिरपतो आहे. १० अँपिअरच्या फ्यूजला त्याची दादही लागणार नाही. मात्र दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-तास याप्रमाणे ९ अँपिअर-तासांची बॅटरी दहा दिवसांत निम्म्यावर येते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या किकवर सुरू होत असत. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ निकष लागू झाल्यानंतर फ्युएल इंजेक्शन सर्वत्र रूढ झाले. अशा गाडीत बॅटरी पुरती उतरली की पेट्रोलचा पंपच चालत नाही.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. जिवंत टोक हादऱ्यांनी घासत जाऊन चासीला टेकले की फ्यूज उडतो. त्याच फ्यूजवर हॉर्न किंवा ब्रेकचा दिवा असेल तर तोही जातो, आणि रात्री घाटात मागील वाहनाला आपण ब्रेक दाबल्याचे कळत नाही. बाहेरून बसविलेल्या जोडणीत फ्यूजच नसेल, तर तार तापून आवरण वितळते, तेही पेट्रोलच्या टाकीखाली. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळण्याची आपल्याकडील युक्ती या ठिकाणी अक्षरशः आगीशी खेळ ठरते.

यावर सर्वत्र केला जाणारा उपाय म्हणजे काळी चिकटपट्टी. तो सर्वांत निकृष्ट होय. इंजिनच्या उष्णतेने तिचा डिंक पाघळतो, कडा सुटतात, आणि पट्टी पाणी अडविण्याऐवजी धरून ठेवते. कपलरवर प्लास्टिकची पिशवी बांधल्यानेही तेच घडते. उन्हात तापलेल्या गाडीवर पाण्याचा फवारा मारला की आतील हवा आकसते व ओलावा आत ओढला जातो. बाहेर पडण्याची वाट मात्र राहत नाही.

उत्तम उपाय म्हणजे त्याच मापाच्या कपलरचा दुसरा अर्धा भाग, तारांशिवाय, टोपणासारखा बसविणे. त्याची तारांसाठीची मोकळी छिद्रे रबरी बुचांनी बंद केलेली हवीत. पुण्यातील नाना पेठेसारख्या सुट्या भागांच्या बाजारात हे कपलर मिळतात. काम करताना आधी बॅटरीची ऋण तार सोडावी. पत्त्या स्वच्छ व कोरड्या करून त्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्यावा. हे ग्रीस वीजरोधक असते, ते केवळ हवा व पाणी दूर ठेवते. चाकाच्या बेअरिंगचे ग्रीस येथे वापरू नये. काळ्या ग्रॅफाइट ग्रीसमधून तर वीज वाहू शकते.

कापलेल्या उघड्या तारा असतील तर त्या कमी-अधिक लांबीच्या ठेवाव्यात, म्हणजे टोके एकमेकांना भिडणार नाहीत. प्रत्येकीवर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी तारेच्या पुढे बोटभर राहील अशी चढवावी आणि गरम असतानाच पुढचे तोंड चिमटून बंद करावे. लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत ही नळी सहज मिळते. ज्या जोडणीची पुन्हा गरजच नाही, ती फ्यूजपासूनच सोडविणे केव्हाही श्रेयस्कर.

सर्व्हिसिंगच्या वेळी संगणक जोडण्यासाठी असलेल्या कपलरला मात्र यातले काही करू नये. त्याचे मूळ टोपण अनेकदा सर्व्हिसिंगनंतर गहाळ होते, ते तेवढे मागून घ्यावे.

शेवटी कपलरचे तोंड जमिनीकडे राहील असे बांधावे. तार वरून येत असेल तर तिला कपलरच्या आधी खाली झोल द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी झोलातून ठिबकून जाते. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तार कोठे ताणली किंवा चेपली जात नाही ना, हे पाहावे. टोकाला कशाची तार आणि कोणता फ्यूज याची चिठ्ठी पारदर्शक नळीखाली लावल्यास पुढचा मेकॅनिक ती निरुपयोगी समजून कापणार नाही. दसऱ्याच्या पूजेसाठी गाडी धुऊन पुसली जातेच. त्याच दिवशी टोपण काढून पत्तीवर हिरवी भुकटी दिसते का, ते पाहून घ्यावे.