खलाशाचा काळा रुमाल व नेल्सनचें सुतक

ब्रिटिश आरमारांतील खलाशाच्या पोशाखाविषयीं एक दंतकथा सर्वतोमुखी आहे. त्याच्या निळ्या गळपट्टीवरील तीन पांढऱ्या फिती म्हणजे अ‍ॅडमिरल नेल्सन याच्या नाइल (१७९८), कोपनहेगन (१८०१) व ट्रॅफल्गार (१८०५) या तीन विजयांचें स्मारक. आणि गळ्यांतील काळा रेशमी रुमाल म्हणजे त्या वीराच्या मृत्यूचें सुतक, असें सांगतात. कथा रम्य आहे. परंतु रम्यता हें प्रमाण नव्हे. बखरींतील मजकूर आपण ज्या कसोटीवर घांसून पाहतों, तीच कसोटी येथें लावण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शकावली पाहूं. ब्रिटिश आरमारांतील अधिकाऱ्यांना ठराविक गणवेश मिळाला तो इ. स. १७४८ मध्यें. सामान्य खलाशांना तो मिळण्यास १८५७ चा जानेवारी उजाडावा लागला. मधल्या शंभराहून अधिक वर्षांत खलाशी स्वतः शिवलेले, किंवा जहाजावरील कोठावळ्याकडून पगाराच्या हिशेबीं घेतलेले कपडे वापरीत. नेल्सन पडला तो २१ ऑक्टोबर १८०५ रोजीं. म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर तीन फिती नियमबद्ध होईपर्यंत एकावन्न वर्षें लोटलीं होतीं. तत्पूर्वीं फितींची संख्या जहाजागणिक निराळी असे. आणि तीन हा आंकडा नेल्सनच्या विजयांवरून घेतला, असें सांगणारा समकालीन सरकारी कागद पुढें आलेला नाहीं.

रुमालाची गोष्ट याहूनहि स्पष्ट आहे. खलाशी तो ट्रॅफल्गारच्या आधींपासून वापरीत. त्याचें कारण तोफांपाशीं शोधलें पाहिजे. नेल्सनच्या 'व्हिक्टरी' जहाजावर १०४ तोफा होत्या; त्यांपैकीं अगदीं खालच्या मजल्यावरील ३० तोफा बत्तीस रत्तली गोळ्याच्या. गोळा सुटतांच तोफ मागें उसळे. ती पुसून, भरून, ठेंगण्या छताखालीं धुरांत व उकाड्यांत दोरांनीं पुन्हा पुढें ओढावी लागे. अशा वेळीं घाम डोळ्यांत उतरूं नये म्हणून खलाशी रुमाल कपाळाला बांधीत. एरव्हीं तो गळ्यांत असे. काळ्या कापडावर डांबर दिसत नाहीं, हा त्याचा आणखी एक गुण. शब्दांना जशी लौकिक व्युत्पत्ति चिकटते, तशी ती वस्त्रांनाहि चिकटते.

येथें कोणी विचारील, निरुपद्रवी कथा खोडून काय मिळविलें? आमचें उत्तर असें कीं, ती निरुपद्रवी नाहीं. खलाशाच्या श्रमाचें चिन्ह ती सेनापतीच्या कीर्तीला अर्पण करते, आणि खलाशाचा स्वतःचा इतिहास झांकून टाकते. तो इतिहास हिशेबाच्या कागदांत आहे. एप्रिल १७९७ मध्यें स्पिटहेड येथील जहाजांवरील खलाशांनीं समुद्रावर जाण्याचें नाकारिलें. सतराव्या शतकाच्या मध्यापासून त्यांचा पगार वाढला नव्हता. शिधा देतांना सोळा औंसांच्या रत्तलाऐवजीं चौदा औंसांचा रत्तल मोजला जाई. उरलेले दोन औंस घट म्हणून कोठावळा राखी. पुरे वजन व वाढीव पगार या मागण्या सरकारला मान्य कराव्या लागल्या. नाइलचा विजय त्यानंतर पुढल्याच वर्षीं झाला. बंदरांतून माणसें वेठीला धरून जहाजावर चढविण्याची चाल मात्र तेव्हांहि चालूच राहिली. ठराविक मुदतीची सलग नोकरी १८५३ मध्यें सुरू झाली. चाबकाचे फटके शांततेच्या काळापुरते १८७१ मध्यें व युद्धकाळांतहि १८७९ मध्यें स्थगित झाले. १७४० मध्यें अ‍ॅडमिरल व्हर्नन यानें ज्या रममध्यें पाणी मिसळण्याचा हुकूम काढला, तिचा रोजचा रतीब तर ३१ जुलै १९७० पर्यंत चालला.

ब्रिटिश धाटणीचा हाच पोशाख मुंबईच्या बंदरांतहि वावरला. १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं येथील 'तलवार' या आरमारी ठाण्यांतील हिंदी खलाशांनीं काम बंद केलें, तेव्हां निकृष्ट अन्न व अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक हीं त्यांच्या तक्रारींच्या मुळाशीं होतीं. त्यांच्या उठावाला स्वातंत्र्याची आकांक्षा होती, स्पिटहेडला ती नव्हती. हा भेद विसरतां येणार नाहीं. तथापि शिध्याची तक्रार दोन्हीकडे एकच. ज्याला स्पिटहेडचें चौदा औंसांचें माप ठाऊक आहे, त्याला 'तलवार'वरील अन्नाची तक्रार क्षुल्लक वाटणार नाहीं.

संग्राहकांस आमची एक विनंती आहे. लढाईचें पत्र सांपडलें कीं आपण तें आदरानें जपतों. शिधा, कापड व पगार यांचे हिशेब पाहून मात्र रुमाल पुन्हा बांधून ठेवतों. नेल्सनचें सुतक खोटें ठरलें तें गणवेशाच्या हुकुमानें व कपड्यांच्या हिशेबानें, युद्धवर्णनानें नव्हे. आपल्या दप्तरांतील असे रुमालहि सोडून पाहिले पाहिजेत.