विंडरमिअर : ट्राउट, पर्च आणि गळाचे आमिष

गळाला गांडूळ लावून जलाशयाच्या काठी बसणे हा मासेमारीचा अत्यंत साधा प्रकार होय. इंग्लंडमध्ये मात्र या साधेपणामागे शतकांची परंपरा, कडक नियम आणि जीवशास्त्रीय संशोधन उभे आहे. आयझॅक वॉल्टन यांचा ‘द कम्प्लीट अँगलर’ हा गळाच्या मासेमारीवरील ग्रंथ १६५३ सालचा. आजही तेथील हौशी मासेमार ट्राउट आणि पर्च या दोन माशांच्या मागे पहाटेपासून संध्याकाळपर्यंत दिवस घालवतात. हा छंद समजून घेण्यासाठी विंडरमिअर सरोवरासारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल.

सरोवर आणि त्यातील मासे

वायव्य इंग्लंडच्या ‘लेक डिस्ट्रिक्ट’ भागातील विंडरमिअर हे त्या देशातील सर्वांत मोठे नैसर्गिक सरोवर आहे. लांबी सुमारे १७ किलोमीटर, कमाल खोली सुमारे ६४ मीटर. हिमयुगातील हिमनद्यांनी कोरलेल्या या खोऱ्यात थंड पाण्याचे मासे राहतात. त्यांत तपकिरी ट्राउट, पर्च, त्यांना खाणारा पाईक आणि हिमयुगाचा वारसा सांगणारा आर्क्टिक चार हे प्रमुख आहेत.

पर्च ओळखणे सोपे. हिरवट अंग, पाठीवरून खाली उतरणारे काळपट पट्टे, पोटाकडचे लालसर पर आणि पाठीवर काटेरी पंखा. तो थव्याने फिरतो. ट्राउट त्यामानाने एकांडा आणि सावध. शरद ऋतूच्या अखेरीस तो सरोवराला मिळणाऱ्या ओढ्यांत चढतो आणि वाळू-गोट्यांत अंडी घालतो. या काळात त्याला त्रास होऊ नये म्हणून ऑक्टोबरपासून मार्चच्या मध्यापर्यंत ट्राउटची मासेमारी बंद असते.

गळाचा दिवस

तेरा वर्षांवरील प्रत्येकाला सरकारी परवाना लागतो. साहित्य मोजकेच : लवचिक काठी, रीळ, बारीक दोरा, छोटा गळ, पाण्यावर तरंगणारे बूच आणि दोरा खाली ओढणारे लहानसे वजन. पूर्वी हे वजन शिशाचे असे. पाण्यात पडलेले शिसे गिळून राजहंस मरू लागले, तेव्हा इंग्लंडमध्ये १९८७ पासून अशा बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आली.

पर्च उजेडात आणि नजरेच्या बळावर शिकार करतो. त्यामुळे सकाळ उजाडल्यानंतरचे तास त्याच्यासाठी चांगले. धक्क्यांचे खांब, नांगरलेल्या होड्यांच्या सावल्या आणि पाणवनस्पतींच्या कडा या त्याच्या दबा धरण्याच्या जागा. गांडूळ तळापासून थोडे वर राहील इतक्या खोलीवर सोडले जाते. बूच आधी दोन-तीनदा थरथरते, मग तिरके होऊन बुडते. त्याच क्षणी काठी उचलावी लागते. उशीर झाला, तर मासा गळ घशापर्यंत गिळतो आणि मग तो सोडून दिला तरी जगण्याची शक्यता कमी होते. आमिषाच्या मासेमारीचा हा मोठा दोष असल्याने अनेक ट्राउटच्या पाण्यांत केवळ पिसांच्या कृत्रिम माशीलाच परवानगी असते. गळाचा उलटा काटा दाबून सपाट केल्यास मासा सोडवणे सोपे जाते. पर्च हातात घेताना डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवून पाठीचे काटे आडवे करायचे असतात. नवख्याला हा धडा बहुधा रक्त काढूनच मिळतो.

ट्राउटसाठी ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ बरी. पावसानंतर ओढे फुगले की त्यांच्याबरोबर किडे-गांडुळे सरोवरात वाहून येतात आणि ट्राउट ओढ्याच्या मुखाशी येऊन थांबतो. तेथे फारसे वजन न लावता प्रवाहाबरोबर सोडलेले गांडूळ त्याला स्वाभाविक वाटते.

पर्चची साथ

विंडरमिअरच्या पर्चचा इतिहास नाट्यमय आहे. दुसऱ्या महायुद्धात अन्नटंचाई असताना, १९४१ पासून, येथे सापळे लावून पर्च पकडले गेले आणि ‘पर्चिन्स’ या नावाने डबाबंद करून विकले गेले. १९२९ साली स्थापन झालेल्या ‘फ्रेशवॉटर बायोलॉजिकल असोसिएशन’च्या शास्त्रज्ञांनी याच सापळ्यांच्या आधारे माशांच्या दीर्घकालीन नोंदी ठेवल्या. म्हणूनच १९७६ साली पर्चवर रोगाची साथ आली, तेव्हा हानीचा अंदाज करता आला. प्रौढ पर्चपैकी सुमारे ९८ टक्के मेले. रोगाचा जंतू निश्चितपणे ओळखता आला नाही. पुढे पर्चची संख्या सावरली, पण वय वाढलेले मोठे मासे दीर्घकाळ दुर्मीळच राहिले.

आमिष कोणते?

एका सरोवराचा तोल इतका नाजूक असतो. त्यामुळेच गळाला काय लावले आहे, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. काठावरच्या मातीतले गांडूळ पाण्याचे फारसे बिघडवत नाही. पाईकच्या शिकारीसाठी दुसऱ्या पाण्यातून बादलीत आणलेले जिवंत मासे मात्र बिघडवतात. दिवस संपला की उरलेले मासे दयाबुद्धीने सरोवरातच सोडले जातात. विंडरमिअरमधील रोच हा मासा असाच विसाव्या शतकाच्या आरंभी आला, असे मानले जाते. स्कॉटलंडच्या लॉख लोमंडमध्ये १९८२ साली रफ हा चिमुकला मासा प्रथम आढळला. तेथील दुर्मीळ पोवन माशाची अंडी तो खाऊ लागला. बासेनथ्वेट सरोवरात गाळ आणि सांडपाण्याच्या जोडीला रोच व रफ यांचीही भर पडली. ब्रिटनमधील अतिदुर्मीळ व्हेंडेस तेथून २००१ च्या सुमारास नाहीसा झाल्याचे मानले गेले. २०१३ मध्ये तेथे पुन्हा एक व्हेंडेस आढळला, पण धोका टळलेला नाही.

या अनुभवांतून २००२ साली लेक डिस्ट्रिक्टमधील १४ सरोवरांत गोड्या पाण्यातील मासे, जिवंत असोत वा मेलेले, आमिष म्हणून वापरण्यावर बंदी घालण्यात आली. गांडूळ आणि अळ्यांना मुभा राहिली.

आपल्यासाठी धडा

महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया आज उजनीसारख्या जलाशयात ‘चिलापी’ या नावाने इतका रुळला आहे की तो बाहेरचा आहे, हेही अनेकांना ठाऊक नसते. घरच्या काचपेटीत मावेनासे झालेले शोभेचे मासे तलावात सोडणाऱ्या शहरवासीयांचा हेतूही बादली रिकामी करणाऱ्या त्या मासेमारासारखाच दयेचा असतो. एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात सोडणे ही दया नव्हे. एकदा रुजलेला मासा पुढे कोणत्याही गळाने वेचून काढता येत नाही.